आजोबांची लेन्स, नातवाचा कॅमेरा

दिवाळीपूर्वीची आवराआवर म्हणजे व्यापारी घरातील एक प्रकारची वार्षिक तपासणीच असते. वर्षभर ज्या वस्तूंकडे कोणाचे लक्ष गेले नाही त्या साऱ्या उजेडात येतात. कोणती ठेवायची, कोणती कोणाला द्यायची आणि कोणती मोडीत काढायची, याचा निवाडा त्या दोन-तीन दिवसांत होतो. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बाभुळगाव हे कापसाच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. स्वातंत्र्यसैनिक आणि 'लोकमत'चे संस्थापक जवाहरलाल दर्डा यांचे हे जन्मगाव म्हणून जैन समाजाला ते विशेष परिचित आहे. अशा गावातील एखाद्या जुन्या पेढीच्या लोखंडी कपाटातून, रोजकीर्द आणि खतावण्यांच्या मागून, चामड्याच्या कडक झालेल्या पेटीत एखादा कॅमेरा निघावा, हे मुळीच नवलाचे नाही.

त्या कॅमेऱ्याचे पुढे काय होते, हे बहुधा भंगारवाल्याच्या काट्यावर ठरते. फिल्म मिळत नाही, शटर अडकले आहे, दुरुस्त करणारा कारागीर राहिला नाही; तेव्हा 'द्या मोडीत' असे कोणीतरी म्हणते आणि विषय संपतो. परंतु कॅमेरा निकामी झाला म्हणजे त्याच्या पुढील लेन्सही निकामी झाली, असे मानणे हा हिशेबातील चुकीचा निष्कर्ष आहे. कॅमेऱ्याच्या पोटातील स्प्रिंगा आणि चाके झिजतात. लेन्स मात्र काच आणि धातू यांची असते. नीट ठेवली तर पन्नास-साठ वर्षांनीही तिच्यातून प्रकाश तितकाच स्वच्छ जातो. घरातील नातवाजवळ आज जो आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस, डिजिटल कॅमेरा असतो, त्यावर ही लेन्स बसू शकते. मात्र तिची बैठक कोणती, हे आधी ओळखता आले पाहिजे.

एक पूर्वसुरी : राजा दीनदयाळ

छायाचित्रण आणि जैन समाज यांचे नाते जुने आहे. भारतातील आरंभीच्या थोर छायाचित्रकारांत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते लाला दीनदयाळ १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात जन्मले. रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते इंदूर येथे बांधकाम खात्यात नोकरीस लागले. तेथे कॅमेऱ्याचा छंद जडला आणि महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या आश्रयाने तो व्यवसाय झाला. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. इंदूर व सिकंदराबाद यांच्यामागोमाग १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या काचेवरील २,८५७ निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या, म्हणूनच त्या काळाचे दर्शन आज आपणास घडू शकते. कोणीतरी त्या काचा फेकल्या नाहीत, एवढ्याच गोष्टीवर सारा इतिहास उभा आहे.

जुन्या वस्तूला नवे काम देण्याचा वसाही महाराष्ट्राला परका नाही. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी जुन्या यंत्राच्या रचनेचा अभ्यास करून, विष्णुपंत दामले यांच्या साह्याने, चित्रपटाचा कॅमेरा घरीच घडविला. त्यावर चित्रित झालेला 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला. त्यांच्याजवळ परदेशी कारखाना नव्हता. लेथ, कानस आणि अचूक मोजमाप यांवर त्यांनी काम भागविले. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसविणे हे त्या मानाने फारच लहान काम आहे, पण त्याचाही पाया अचूक मोजमाप हाच आहे.

प्रथम पाहावे : लेन्स सुटी होते का?

कपाटातून निघालेल्या प्रत्येक कॅमेऱ्याची लेन्स उपयोगी पडतेच असे नाही. मध्यमवर्गीय घरांत एके काळी सर्रास दिसणारे अ‍ॅग्फाचे क्लिक थ्री आणि आयसोली हे कॅमेरे, तसेच वर-खाली दोन लेन्स असलेले यशिकाचे डबी कॅमेरे, यांच्या लेन्स अंगाशी कायमच्या जोडलेल्या असतात. त्या काढण्याची खटपट करू नये. असा कॅमेरा आठवण म्हणून काचेच्या कपाटात शोभतो.

लेन्स सुटी होणारे कॅमेरे वेगळे. आयात-परवान्यांच्या काळात जपानी कॅमेरा मिळविणे कठीण आणि महाग होते. सोव्हिएत संघ व पूर्व जर्मनी यांच्याशी मात्र भारताचा व्यवहार रुपयांत चालत असे. त्यामुळे रशियन झेनिट आणि पूर्व जर्मन प्राक्टिका हे कॅमेरे स्टुडिओवाल्यांच्या आणि हौशी मंडळींच्या हाती येत. ज्यांचे नातलग परदेशी होते त्यांच्याकडे पेंटॅक्स, निकॉन, कॅनन, मिनोल्टा किंवा ऑलिम्पस असे. या सर्वांच्या लेन्स हाताने फिरवून सुट्या होतात. आणि येथूनच ओळखपरेडीला आरंभ होतो.

आटे की खाचा?

लेन्सची मागील बाजू वर करून पाहावी. तेथे बरणीच्या झाकणासारखे आटे असतील, तर ती स्क्रूची लेन्स. आट्यांऐवजी तीन जिभा असतील आणि थोडेसे फिरवताच ती 'खट्' आवाज करून बसत असेल, तर ती खाचेची, म्हणजे बायोनेट, लेन्स.

आटे असतील तर त्यांचा व्यास मोजावा. सराफाच्या पेढीवर किंवा लेथच्या कारखान्यात असणारे व्हर्निअर कॅलिपर या कामी उत्तम. व्यास ४२ मि.मी. आणि दोन आट्यांतील अंतर १ मि.मी. भरले, तर ती जगभर प्रसार पावलेली एम ४२ बैठक होय. १९४९ साली ड्रेस्डेन येथे बनलेल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्याने ती रूढ केली. प्राक्टिका, पेंटॅक्स आणि नंतरचे झेनिट यांनी तीच पत्करली. बहुसंख्य घरांतून निघणारी रशियन 'हेलिओस ४४-२' ही ५८ मि.मी.ची लेन्स याच बैठकीची. कार्ल झाइस कंपनीच्या बायोटार या लेन्सच्या रचनेवरून ती घडविलेली आहे. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याची हेलिओस असेल, तर तिच्यावर लोलकातून जाणाऱ्या प्रकाशकिरणाची छोटीशी खूण कोरलेली आढळते.

येथे दोन फसगती संभवतात. पहिली टी-माउंटची. हिचा व्यासही ४२ मि.मी.च, पण आटे अधिक बारीक, म्हणजे ०.७५ मि.मी.चे. अशी लेन्स एम ४२च्या आट्यांत पाऊण-एक फेरा जाते आणि मग अडकते. जोर लावला तर दोन्हीकडचे आटे कायमचे खराब होतात. जड जात असेल तर थांबावे, हाच या साऱ्या विद्येचा पहिला नियम आहे.

दुसरी फसगत ३९ मि.मी. व्यासाची. या मापाची लायकाची जुनी लेन्स असते, आरंभीच्या झेनिटचीही असते आणि स्टुडिओच्या अंधारखोलीतील एन्लार्जरचीही असते. दिसायला आटे सारखेच; परंतु लायकाची लेन्स फिल्मपासून २८.८ मि.मी. अंतरावर बसावी अशी बनविलेली, तर झेनिटची सुमारे ४५ मि.मी. अंतरावर. एकीचा अ‍ॅडाप्टर दुसरीला लावला तर ती बसेल, पण चित्र कधीच रेखीव येणार नाही. एन्लार्जरच्या लेन्सला तर फोकसची फिरती कडीच नसते. तिच्यासाठी भाता किंवा लांब-आखूड होणारी नळी लागते. तेवढी सोय केली, तर जवळून घ्यावयाच्या छायाचित्रांसाठी ती उत्कृष्ट ठरते.

खाचांच्या खुणा

खाचेच्या लेन्स ओळखणे थोडे अधिक निरीक्षणाचे काम आहे, परंतु प्रत्येक घराण्याची एक जन्मखूण असते.

निकॉनच्या जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चरच्या कडीला सशाच्या कानांसारखा एक लहान धातूचा चिमटा असतो. १९५९ पासूनची ही एफ बैठक. इतर बहुतेक लेन्स बसविताना उजवीकडे फिरवाव्या लागतात, निकॉनची मात्र डावीकडे. १९७७ पूर्वीची, न बदललेली निकॉन लेन्स नंतरच्या अनेक निकॉन कॅमेऱ्यांवर सरळ बसविली, तर कॅमेऱ्याच्या बैठकीशेजारची बारीक दांडी मोडण्याचा संभव असतो. तेव्हा 'नाव एकच, म्हणजे चालेलच' असे गृहीत धरू नये.

कॅननच्या १९७१च्या एफडी लेन्सला मागच्या बाजूस चकचकीत धातूची एक स्वतंत्र कडी असते. लेन्स न फिरवता ती कडी आवळावी लागते. कॅननने १९८७ मध्ये ही बैठकच सोडून दिली आणि ईएफ ही नवी बैठक आणली. त्यामुळे एका रात्रीत लक्षावधी चांगल्या लेन्स पोरक्या झाल्या. मिररलेस कॅमेऱ्यांनी त्यांना पुन्हा घर दिले.

मिनोल्टाच्या लेन्सवर 'रोक्कोर', ऑलिम्पसच्या लेन्सवर 'झुइको', कोनिकाच्या लेन्सवर 'हेक्सानॉन' ही नावे असतात. ऑलिम्पसची आणखी एक खूण अशी, की लेन्स सोडविण्याचे बटण कॅमेऱ्यावर नसून लेन्सवरच असते. पेंटॅक्सने १९७५ मध्ये आटे सोडून के बैठक स्वीकारली. त्याच वर्षीची काँटॅक्स-यशिका बैठक यशिकाच्या 'एमएल' आणि 'डीएसबी' या अक्षरांवरून ओळखू येते.

मात्र समोरच्या कडीवरील नाव वाचून निर्णय करणे धोक्याचे आहे. टॅमरॉन, विविटार यांसारख्या कंपन्या एकच लेन्स अनेक बैठकींत विकत असत. टॅमरॉनच्या 'अ‍ॅडाप्टॉल' मालिकेत तर मागची बैठकच बदलता येते. हेलिओसदेखील ३९ आणि ४२ अशा दोन्ही आट्यांत मिळते. पेढीचे नाव पाटीवर असते, पण व्यवहार कोणाशी झाला हे खतावणीतच कळते. तसे लेन्सचे नाव समोर असले, तरी तिची जात मागच्या बाजूलाच कळते.

अंतराचा ताळेबंद

बैठक ओळखली, की पुढचा भाग निव्वळ वजाबाकीचा आहे. प्रत्येक लेन्स फिल्मपासून एका ठराविक अंतरावर बसावी अशी घडविलेली असते. तिच्या बैठकीचा सपाट पृष्ठभाग आणि फिल्म यांतील ते अंतर. तितकेच अंतर राखले तर दूरचा डोंगरही स्पष्ट दिसतो. अंतर वाढले तर फक्त जवळचे दिसते. कमी झाले तर लेन्सच्या कडीवरील आकडे आणि प्रत्यक्ष फोकस यांचा मेळ बसत नाही. नव्या कॅमेऱ्याच्याही बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर असेच ठरलेले असते. लेन्सच्या अंतरातून कॅमेऱ्याचे अंतर वजा केले, की जी शिल्लक उरते तीच अ‍ॅडाप्टरची जाडी.

लेन्सची अंतरे, मि.मी.मध्ये : ऑलिम्पस ओएम ४६, निकॉन एफ ४६.५, एम ४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, काँटॅक्स-यशिका ४५.५, मिनोल्टा ४३.५, कॅनन एफडी ४२, कोनिका ४०.५.

कॅमेऱ्यांची अंतरे : निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७, सोनी ई १८, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, कॅनन आरएफ २०. आरशाच्या कॅमेऱ्यांत कॅनन ईएफ ४४ आणि निकॉन एफ ४६.५.

आता उदाहरण घ्यावे. हेलिओस सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसवायची : ४५.४६ वजा १८, शिल्लक २७.४६. म्हणजे तेवढ्या जाडीची, आतून पोकळ धातूची कडी पुरेशी आहे. तिच्यात काच नको, तारा नकोत. कॅननची एफडी लेन्स त्याच कॅमेऱ्यावर : ४२ वजा १८, शिल्लक २४. निकॉनची जुनी लेन्स निकॉनच्याच झेड कॅमेऱ्यावर : ४६.५ वजा १६, शिल्लक ३०.५.

जुन्या, आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याबाबत मात्र हिशेब कधी तुटीत जातो. हेलिओस कॅनन ईएफवर बसवायची तर शिल्लक १.४६ मि.मी.; पातळ चकतीने काम होते. तीच लेन्स निकॉन एफवर बसवायची तर ४५.४६ मधून ४६.५ वजा होतात, म्हणजे १.०४ मि.मी.ची तूट! अंतर उसने आणता येत नाही. मग बाजारात अशा कामासाठी काच बसविलेले अ‍ॅडाप्टर विकले जातात. ते दूरचा फोकस मिळवून देतात, परंतु ती जादा काच चित्राचा दर्जा खाली आणते. तुटीचा व्यवहार कर्जाने भागविला, की व्याज कोठेतरी भरावेच लागते. अशा वेळी ती लेन्स निकॉनवर बसविण्याचा हट्ट सोडणे, हाच शहाणपणाचा निर्णय.

खरेदी करताना एवढे पाहावे, की अ‍ॅडाप्टर पूर्ण धातूचा आहे, बैठक हलत नाही आणि दूरच्या वस्तूवर फोकस येतो. अनेक स्वस्त अ‍ॅडाप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात. त्यांवर दूरचा फोकस कडीवरील शेवटच्या खुणेच्या थोडा अलीकडेच मिळतो. हा दोष नसून सोय आहे. एम ४२ लेन्सच्या मागे एक बारीक खिळा असतो. तो दाबला गेला नाही तर अ‍ॅपर्चर उघडेच राहते. म्हणून तो दाबणारी कड असलेला अ‍ॅडाप्टर निवडावा. हेलिओस ४४-२ला मात्र ही अडचण नाही. तिच्या दोन कड्या हातानेच फिरवायच्या असतात.

बसविल्यानंतर

लेन्स बसली, तरी पहिल्या प्रयत्नात कॅमेरा बहुधा फोटो काढण्यास नकारच देतो. त्याला लेन्स दिसतच नाही. कारण तिच्याकडून विजेचा कोणताही निरोप येत नाही. मेनूमध्ये 'लेन्सशिवाय शटर' ही सोय शोधून ती चालू करावी. कॅमेऱ्यात हालचाल सावरण्याची यंत्रणा असेल, तर लेन्सचे मि.मी. हाताने नोंदवावेत. प्रकाशाचे मोजमाप ए किंवा एव्ही या पद्धतीवर ठेवले, की शटरची गती कॅमेरा स्वतः ठरवितो. फोकस मात्र हातानेच. पडद्यावरील चित्र मोठे करून पाहण्याची आणि स्पष्ट कडा रंगाने दाखविण्याची सोय बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत असते. तिचा सराव आठ-दहा दिवसांत होतो.

एक हिशेब येथेही आहे. लहान सेन्सरचा कॅमेरा लेन्सच्या चित्राचा मधला भागच घेतो. दीडपट गुणकाच्या कॅमेऱ्यावर ५८ मि.मी.ची हेलिओस ८७ मि.मी.च्या लेन्सइतकेच दृश्य दाखविते. घराच्या आखूड खोलीत सारे कुटुंब तीत मावणार नाही, पण ओसरीवर बसलेल्या आजीचा चेहरा टिपण्यास यासारखी लेन्स नाही. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडले, की मागची पाने आणि त्यांतून झिरपणारा उजेड गोल गोल फिरल्यासारखा दिसतो. हेलिओसचे हे वैशिष्ट्य तिच्या काचांच्या रचनेतूनच येते, आणि त्यासाठीच जगभरचे तरुण आज ही लेन्स शोधत असतात. मोडीत टाकण्यापूर्वी हे ठाऊक असणे बरे.

आरशाच्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स बसविताना आणखी एक दक्षता घ्यावी. काही लेन्सचा मागचा भाग फार आत येतो आणि वर उचलला जाणारा आरसा त्यावर आदळतो. पहिला फोटो दूरच्या फोकसवर, हळू आणि कान देऊन काढावा.

बुरशी, चामडे आणि जयणा

जुन्या लेन्सचा खरा शत्रू काळ नव्हे, दमट हवा. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असला, तरी पावसाळ्याचे चार महिने बंद पेटीतील लेन्सच्या काचांवर बुरशी धरण्यास पुरेसे असतात. टॉर्चच्या उजेडात आडवे धरून पाहिले, की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. ही बुरशी वाढू दिली तर तिच्यातील आम्लाने काचेवरील लेप कायमचा खातो.

जैन आचारात बुरशीला अनंतकाय मानले आहे. म्हणूनच घरातील स्त्रिया पापड, खाखरा, लोणचे यांवर ती धरू नये याची आधीच काळजी घेतात. धरल्यावर पुसण्यापेक्षा धरूच न देणे, ही जयणा. तीच दृष्टी येथे लागू पडते. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि महिन्यातून एकदा कोरड्या हवेत बाहेर काढणे, एवढे पुरते. पुड्या ओल्या झाल्या, की तापवून पुन्हा वापरता येतात. लेन्स चामड्याच्या मूळ पेटीत मुळीच ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते. आधीच बुरशी असेल तर ती लेन्स अन्य लेन्सपासून वेगळी ठेवावी आणि जाणत्या कारागिराकडूनच खोलून घ्यावी.

१९६० व १९७०च्या दशकांतील काही नामांकित लेन्सच्या काचेत, उदाहरणार्थ असाही पेंटॅक्सच्या ५० मि.मी. सुपर टाकुमारच्या १.४च्या एका प्रकारात, थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले असते. अशी काच कालांतराने पिवळसर पडते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात भय नाही. मात्र ती फोडू नये, घासू नये, मुलांच्या खेळण्यात देऊ नये. उन्हात ठेवल्याने पिवळेपणा उतरतो. पण काच ऊन एका बिंदूवर गोळा करते, तेव्हा जिथे कापूस, कागद किंवा कापड आहे तिथे ती क्षणभरही ठेवू नये. कापसाच्या गावात हे निराळे सांगण्याची गरज नसावी.

आणखी एका गोष्टीचा विचार जैन वाचकाने अवश्य करावा. फिल्मवरील प्रकाशसंवेदी थर जिलेटिनचा असतो, आणि ते जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढले जाते. आजोबांच्या पिढीला त्याला पर्याय नव्हता. बहुतेकांना ते ठाऊकही नसेल. आज त्यांचीच लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर चढविली, की चित्र तेच राहते आणि फिल्म मधून निघून जाते. जुन्यातले निर्दोष तेवढे पुढे न्यावे, सदोष ते मागे ठेवावे, याचे इतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

कशासाठी हा खटाटोप?

येथे एक रास्त शंका येईल. एक लेन्स घरी निघाली म्हणून आणखी दहा विकत घेण्याचा छंद जडला, तर अपरिग्रहाचे काय? शंका योग्यच आहे. या क्षेत्रात संग्रहाचा मोह मोठा असतो. त्यावर उपाय एकच : लेन्सला काम नेमून द्यावे. जिला काम नाही ती गरजू विद्यार्थ्याला किंवा गावच्या शाळेला द्यावी.

काम तर समोरच वाट पाहत आहे. ज्या कपाटात कॅमेरा निघाला त्याच कपाटात जुन्या वह्या असतात : मोडीत लिहिलेल्या, शाई फिकट झालेल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यांत त्या घराचा, पेढीचा, गावच्या कापसाचा इतिहास आहे. मंदिरांतील हस्तलिखितांची स्थितीही अनेक ठिकाणी वेगळी नाही. यवतमाळच्या शेजारच्याच वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे भट्टारकांच्या गाद्यांचे आणि ग्रंथभांडारांचे ख्यातनाम स्थान. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या भांडारांतील ग्रंथांची नोंद विद्वानांना उपलब्ध झाली. सूचीमुळे ग्रंथाचे नाव टिकते. पान टिकवायचे तर त्याची प्रतिमा घ्यावी लागते.

सपाट पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखे स्पष्ट यावे, यासाठी जवळून फोटो घेणारी ५० ते ६० मि.मी.ची जुनी लेन्स फार उपयोगी असते. निकॉनची ५५ मि.मी.ची मायक्रो किंवा भात्यावर चढविलेली एन्लार्जरची लेन्स या कामी चोख. कॅमेरा तिकाटण्यावर, लेन्स पानाला काटकोनात, अ‍ॅपर्चर आठच्या आसपास, खिडकीचा मंद उजेड, फ्लॅश नको. पान उलटणारे हात स्वच्छ आणि कोरडे असावेत. मंदिरातील ग्रंथांसाठी विश्वस्तांची अनुमती आधी घ्यावी. एका रविवारी एक वही पूर्ण होते. आजोबा वहीतील अक्षर वाचून दाखवितात, नातू कडी फिरवून फोकस जुळवितो, आणि एरवी ज्यांना बोलायला विषय सापडत नाही अशा दोन पिढ्या एका पानावर वाकून बसतात.

लेन्स मोडीत गेली तर तिची किंमत धातूच्या वजनाने होते. तीच ओळखून, योग्य कडी लावून, कामाला जुंपली तर घराच्या खतावणीत जमेच्या बाजूस एक नोंद वाढते. म्हणून यंदाच्या आवराआवरीत कपाटामागची ती पेटी भंगारवाल्याच्या पोत्यात पडण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, लेन्स उलटी करावी आणि आटे आहेत की खाचा, एवढे तरी तपासावे. पुढचा निर्णय त्यानंतर घ्यावा.